काईटसर्फिंगचा १२ मीटरचा फुल सेट ५५ हजारात, घेऊ का?

पत्र:
ताई, मी २९ वर्षांची, मूळची दापोलीची, नोकरीला पुण्यात. वजन ५८ किलो. जानेवारीत रामेश्वरमला काईटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकायचा, कोर्स केला. बोर्डवर उभी राहते, थोडं अंतर जाते, पण वारं मला खाली वाहवत नेतं आणि मग बोर्ड काखेत मारून वाळूतून चालत परत. तरी वेड लागलंय. मोरजीमला एक परदेशी माणूस सीझन संपवून घरी चाललाय, तो फुल सेट विकतोय. १२ मीटरचा काईट (२०११ चं मॉडेल), पाच लाईन्सचा बार, १४६ चा बोर्ड, एल साईजचा हार्नेस, पंप, बॅग, सगळं मिळून ५५ हजार. दुसरीकडे एक स्कूल त्यांचा ९ मीटरचा काईट बारसकट ७० हजाराला देतंय, "एकच सीझन वापरलाय" म्हणतात. माझा दादा नेदरलँड्सला असतो, दिवाळीत येणार आहे, पण त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. रामेश्वरम लांब पडतं, त्यामुळे मी जास्त करून गोव्यातच जाईन. काय करू? आणि आमच्या कर्द्याच्या बीचवर प्रॅक्टिस करता येईल का?
– कानात वारं शिरलेली, पुणे

उत्तर:
अगं, आधी त्या मोरजीमच्या सेटचं मिटवून टाकू, कारण तो तुझ्या मनात भरलाय हे पत्रातच दिसतंय. नको घेऊस. माणूस फसवतोय असं मी अजिबात म्हणत नाही, खरंच घरी चालला असेल आणि एवढं सगळं विमानात घालायचं नसेल. पण सेट नीट बघ ना, १२ चा काईट, १४६ चा बोर्ड, एल चा हार्नेस (काईट ज्याला अडकतो तो कमरेचा पट्टा), हे सगळं एकत्र ठेवलं की समोर एक ८५-९० किलोचा सहाफुटी बाप्या उभा राहतो. सामान त्याच्या मापाचं आहे, तुझ्या नाही. आणि फुल सेटमध्ये सोय असते ती विकणाऱ्याची, एका फटक्यात खोली रिकामी होते. घेणाऱ्याने एकेक वस्तू वेगळी बघून, वेगळ्या ठिकाणाहून, वेगवेगळ्या वेळी घ्यावी लागली तरी चालेल. सेकंडहँडमध्ये पैसे वाचतात ते असेच.

आता मापाचं बोलू. एक ढोबळ हिशोब सगळे वापरतात, वजन किलोमध्ये गुणिले २.२ आणि त्याला वाऱ्याच्या नॉट्सने भागायचं, येईल तो काईटचा आकार चौरस मीटरमध्ये. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे १५ नॉट्स म्हणजे साधारण २८ किमीचं वारं.) तुझे ५८ गुणिले २.२ होतात १२७ आणि वर थोडे. गोव्यात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर समुद्रावरून जे वारं येतं ते बऱ्याचदा १२ ते १५ नॉट्सच्या घरात असतं, १३ धर, तर तुला लागतो पावणेदहाचा काईट. रामेश्वरमला चांगल्या दिवशी १८ नॉट्स सहज, तिथे तुला लागेल ७ चा. आणि १२ चा काईट तुझ्या वजनाला कधी बरोबर बसतो माहितीये? साडेदहा नॉट्सला. तेवढ्या मरतुकड्या वाऱ्यात शिकाऊ माणसाचा काईट हवेत टिकवतानाच जीव जातो, बोर्डवर उभं राहणं तर सोडूनच दे. बरं, त्याच दिवशी तीन वाजता वारं अचानक वाढून १८ वर गेलं तर तोच १२ चा तुला पाण्यातून उचलून किनाऱ्यावर नेऊन टाकेल. म्हणजे वारं कमी असताना निरुपयोगी आणि जास्त असताना धोक्याचा. त्याच्या ८५ किलोला हाच काईट १५-१६ नॉट्सला मस्त चालत असणार, म्हणून तो मनापासून सांगतोय की "एकदम परफेक्ट साईज आहे". त्याच्यासाठी आहेच.

तू जास्त गोव्यातच जाणार आहेस तर ९ किंवा १० घे. वर्षातून एकदा रामेश्वरमला गेलीस तर तिथल्या सेंटरकडून ७ चा भाड्याने घे. पहिल्याच वर्षी दोन-दोन काईट घेणारे लोक मला माहीत आहेत, एक बॅग उघडलेलीच नसते.

म्हणजे स्कूलचा ९ चा घ्यायचा का? साईज बरोबर आहे, पण थांब. काईटचं वय कॅलेंडरवर मोजत नाहीत, उन्हात मोजतात. कापड मारतं ते ऊन, त्यातल्या त्यात किनाऱ्यावर हवा भरून पडून असताना, कारण वाऱ्यावर कापड सतत फडफडत राहतं. हौशी माणूस वीकेंडला जातो, दोन तास खेळतो, घडी घालून ठेवतो, समजा वर्षाला चाळीस वेळा गेला तरी ऐंशी तास. स्कूलचा काईट सकाळी फुगवतात तो संध्याकाळपर्यंत बाहेरच, रोज पाच तास धर, शंभर दिवसांचा सीझन धर, झाले पाचशे तास. म्हणजे "एकच सीझन" म्हणजे हौशी माणसाची सहा वर्षं. आणि शिकाऊ पोरं तो दिवसातून कितीदा पाण्यावर आपटतात ते तू स्वतः केलंयसच, मी काय सांगू. स्कूलवाले खोटं बोलत नाहीयेत, फक्त त्यांचा सीझन आणि आपला सीझन वेगळा. ७० हजार त्याला फार झाले. फक्त बार (लाईन्स लावलेला, हातात धरायचा दांडा) नवा असेल आणि ते काईट निम्म्या भावात द्यायला तयार असतील तर बघायला जा, नाहीतर जाऊसुद्धा नकोस.

हां, एक मात्र कर. स्कूलकडून बोर्ड घे. बोर्डाला ऊन फारसं काही करत नाही, दहा वर्षांचा बोर्डही झकास चालतो, त्यामुळे सेकंडहँडमध्ये सगळ्यात निर्धास्त खरेदी तीच. तुझ्या वजनाला १३४-१३६ सेंटीमीटर लांब आणि ४०-४१ रुंद असला की झालं. शिकताना थोडा मोठा बोर्ड बरा, हे खरंय, लवकर उचलतो, पण १४६ म्हणजे दार आहे दार, त्याची कड पाण्यात दाबून धरायला तुझं वजन पुरणार नाही आणि तुझं जे सध्या दुखणं आहे, खाली वाहत जाण्याचं, ते तसंच राहील. बघताना बोटांच्या पेरांनी ठोकत जा, स्क्रू जिथे बसतात तिथे जास्त, आवाज एकसारखा कडक यायला हवा, मध्येच भद्द आला तर आत पाणी गेलंय. कडेला चीर नको, इन्सर्टमध्ये (स्क्रूच्या भोकांत) गंज नको, चारही फिन (खालचे छोटे पंख) जागेवर हवेत, आणि पायाचे पट्टे तुझ्या पावलाला घट्ट होईपर्यंत आवळून बघ, बऱ्याच बोर्डांचे पट्टे पुरुषांच्या पायाला इतके सैलावलेले असतात की लहान पाऊल त्यातून सटकतं.

आता खरी गोष्ट, जिच्याबद्दल तू पत्रात फक्त तीन शब्द लिहिलेस, "पाच लाईन्सचा बार". लोक काईटचा रंग बघतात, मॉडेल बघतात, कंपनी बघतात आणि बार बरोबर येतो म्हणून घेतात. उलटं करायला पाहिजे. काईट फाटला तर दिवस वाया जातो. बारचं क्विक रिलीज अडकलं तर तुझा जीव अडकतो, कारण सगळं बिघडल्यावर तुला काईटच्या ओढीतून सोडवणारी पहिली वस्तू तीच. २०११ चा काईट तसा काही प्रागैतिहासिक नाही, २००५-०६ च्या सुमाराला बो काईट (कमी वाकलेले, चपटे) आले आणि बार पुढे सोडला की ताकद जवळपास पूर्ण जायला लागली, त्याआधीचा असता तर मी फुकटही नको म्हटलं असतं. पण त्या काळातली क्विक रिलीज एकेका कंपनीची एकेक तऱ्हा होती, कुठे ओढायचं, कुठे ढकलायचं, कुठे पिन. घाबरलेल्या माणसाला हे आठवत नाही. आता बहुतेक ठिकाणी एकच पद्धत झालीय, स्वतःपासून लांब ढकलायचं, उघडलं. २०२० मध्ये तर यासाठी आयएसओ २१८५३ नावाचं स्टँडर्डच आलं. म्हणून माझं सरळ मत आहे, काईट चार-पाच वर्षं जुना चालेल पण बार २०२० च्या आसपासचा किंवा नंतरचाच घे. बजेट कमी पडलं तर काईटमध्ये काटकसर कर आणि बार कोरा करकरीत घे. युरोपात नवा बार ४०० ते ६०० युरोला पडतो, काईट १२०० ते १८०० ला, म्हणजे बार नवा घेऊनही हिशोब फार बिघडत नाही.

बार बघायचा कसा ते सांगते, हे दादालाही जसंच्या तसं पाठव.

चिकन लूप, म्हणजे बारखालचं कडं, हार्नेसच्या हुकात अडकवायचा आणि समोरून कुणीतरी मधल्या लाईन्स धरून अंगाचा सगळा भार देऊन मागे रेलायचं. मग एका हाताने रिलीज ढकलायचं. फट्कन सुटलं पाहिजे. "जरा हलवा, वाळू गेली असेल, सुटतं हो" असं विकणारा म्हणाला तर आभार मानून घरी ये. सुटल्यावर तू स्वतः, त्याच्या मदतीशिवाय, ते परत जोडून बघायचं, कारण पाण्यात तो नसणार. त्यानंतर ट्रिमची (काईटची ताकद कमी-जास्त करायची) दोरी, जी बारच्या मधल्या भोकातून जाते, तिथे बार वर-खाली घासून घासून खातो. वरचं प्लास्टिक तडकलंय का, आतली दोरी केसाळ झालीय का बघ, झाली असेल तर ती बदलायची आणि तेवढे पैसे किमतीतून काढायचे. मग चारही लाईन्सची टोकं एका खिळ्याला किंवा कुंपणाच्या खांबाला अडकवायची, लाईन्स पूर्ण उलगडायच्या, ट्रिम पूर्ण सैल करायचा आणि बार स्वतःकडे ओढून धरायचा. बार सरळ उभा राहिला पाहिजे आणि चारही लाईन्स सारख्या ताणलेल्या. पुढच्या, म्हणजे त्या मधल्या, दोन लाईन्सवर जास्त भार येतो, त्या वर्षानुवर्षं ताणून थोड्या लांबतात, मागच्या मग आपोआप आखूड पडतात. असा बार लावला की काईट हवेत सारखा मागे पडायला लागतो, उलटा पाण्यात येतो, आणि शिकाऊ माणूस स्वतःला शिव्या घालत बसतो की मलाच जमत नाहीये. दोन-चार सेंटीमीटरचा फरक गाठी सरकवून निघतो, त्याला घाबरू नकोस. पण कुठे लाईनला लाईन जोडलेली दिसली, मधेच गाठ दिसली, तर नवीन लाईन्सचे पैसे धरून चाल.

पाचवी लाईन तुला नकोच. पाण्यात काईट गुंडाळला गेला की पाच लाईन्सचा गुंता सोडवणं हे अनुभवी माणसाचं काम आहे. चार लाईन्स, आणि रिलीज केल्यावर काईट एकाच पुढच्या लाईनवर लटकून मोकळा पडतो, अशी सिस्टीम बघ. बार आणि काईट एकाच कंपनीचे असले तर डोक्याला ताप नाही. वेगवेगळे असतील तर पुढच्या लाईन्स खाली बारजवळ एकत्र येतात की वर, हे दोन्हीत जुळतंय का ते तुझ्या कोर्सवाल्या इन्स्ट्रक्टरला विचार, फोटो पाठवला तर दोन मिनिटांत सांगेल.

आता दादा. अगं, घरात असा माणूस असताना तू मोरजीम काय घेऊन बसलीस! नेदरलँड्समध्ये हा खेळ गल्लोगल्ली आहे, सगळा किनाराच वाऱ्याचा, आणि तिथलं वारं दणकट. तिथला ८० किलोचा माणूस १९-२० नॉट्सला काय वापरतो? हिशोब कर, ९ चा. म्हणजे जी साईज तुला पाहिजे ती तिथे प्रत्येकाच्या बॅगेत असते आणि दर दोन-तीन वर्षांनी ते नवीन घेतात, जुना मार्क्टप्लाट्सवर (जुनं सामान विकायची तिथली वेबसाईट) टाकतात. ऊनही आपल्यासारखं भाजणारं नाही. चार वर्षांचा डच काईट हा एका सीझनच्या आपल्या स्कूलच्या काईटपेक्षा तरुण निघण्याची शक्यता जास्त. किंमत अंदाजे नव्याच्या निम्मी किंवा खाली. आणि काईट, बार मिळून पाच किलोच्या आसपास, हवा काढून घट्ट गुंडाळला की चेक-इनच्या बॅगेत दिवाळीच्या बाकी सामानाबरोबर बसतो. बोर्ड मात्र आणायला लावू नकोस, एअरलाईनवाले त्या लांबीचे वेगळे पैसे लावतात, आणि बोर्ड तुला इथे मिळतोच आहे.

दादाला सांग, कंपनीच्या नादी लागू नकोस पण प्रकार बघ. कॅब्रिन्हाचा स्विचब्लेड, एफ-वनचा बँडिट, ओझोनचा कॅटॅलिस्ट, ड्युओटोनचा इव्हो, असल्यांपैकी काहीही चालेल, हे सगळे सांभाळून घेणारे आहेत. सी काईट (इंग्रजी सी सारखा खोल वाकलेला) नको, पॅराशूटसारखा दिसणारा फॉइल काईट तर अजिबात नको, स्वस्त मिळाला तरी. एक गंमत म्हणजे नॉर्थ नावाचे काईट दोन घराण्यांचे आहेत. जी कंपनी आधी नॉर्थ म्हणून काईट विकायची तिने २०१८ मध्ये ड्युओटोन नाव घेतलं, आणि नॉर्थ हे नाव दुसऱ्यांच्या काईटवर आलं. त्यामुळे नुसतं "नॉर्थचा आहे" म्हटलं तर साल विचारायचं, पार्ट घेताना गोंधळ नको. आणि मॉडेलचं साल म्हणजे खरेदीचं साल नव्हे, पुढच्या सालाचं मॉडेल आदल्या वर्षीच दुकानात येतं.

काईट बघायला जाताना एकच अट, तुम्ही पोचायच्या दोन तास आधी हवा भरून ठेवा. पोचल्यावर समोर पंप मारून दाखवणाऱ्याचा काहीच उपयोग नाही, गळकं ब्लॅडरसुद्धा (आतली हवेची पिशवी) दहा मिनिटं ताठ राहतं. दोन तासांनी लीडिंग एजवर (हवा भरलेल्या पुढच्या कडेवर) टिचकी मारायची, टण्ण वाजलं पाहिजे. दाबून बोट आत जात असेल तर कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या बुडाशी, तिथला गोंद गरमीने सुटतो. ब्लॅडर बदलता येतं, व्हॉल्व्ह चिकटवता येतो, म्हणून एवढ्यावर सौदा मोडायचा नाही, भाव पाडायचा. मग कापड. दोन बोटांत चोळून बघायचं, नव्या नोटेसारखं कुरकुरलं पाहिजे. धुतलेल्या साडीच्या फॉलसारखं मऊ लागलं तर संपलंय ते. रंग उडालाय का हे असं बघून कळत नाही कारण सगळीकडे सारखाच उडतो, त्यासाठी लीडिंग एजवरची झिप झाकणारी पट्टी उचलायची, तिच्याखालचं कापड आणि बाहेरचं कापड शेजारी शेजारी धरायचं. तिथे फरक डोळ्यात भरला की त्या काईटने किती ऊन खाल्लंय ते विकणाऱ्याला विचारायची गरज नाही. नंतर काईट सूर्याकडे धरून खालून बघायचा, बारीक भोकं चमकतात. मधल्या कापडावर एखादा नीट शिवलेला पॅच असला तर काही बिघडत नाही. लीडिंग एजच्या शिवणीवरचा पॅच मात्र मला आवडत नाही, सगळा ताण तिथेच असतो. मागची कड, जी वाऱ्यात फडफडते, तिथला धागा उसवलाय का, आणि ब्रायडलच्या (काईटच्या पुढच्या कडेच्या दोऱ्यांच्या) कप्प्या मिठाने जाम झाल्यात का, दोन्ही बाजूच्या दोऱ्या सारख्या लांबीच्या आहेत का, एवढं बघितलं की झालं. याचा सगळ्याचा व्हिडिओ दादाने तुला व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि तू तो इन्स्ट्रक्टरला. त्याला काही कळायची गरजच नाही, फक्त टिचकीचा आवाज नीट रेकॉर्ड कर म्हणावं.

हार्नेस नवा घे, इथेच, अंगाला लावून बघून. त्या एल मध्ये काईटने ओढलं की हार्नेस सरकून थेट काखेत येईल आणि बरगड्या दोन दिवस बोलतील. दुकानात घातल्यावर हुकाला धरून वर ओढून बघायचं, सरकला तर एक साईज कमी. हेल्मेटही नवंच, आधी आपटलंय की नाही ते बाहेरून दिसत नाही. वेटसूट आपल्या पाण्यात लागत नाही, पूर्ण बाह्यांची लायक्रा पुरे, पण आपटल्यावर फासळ्यांना वाचवणारं इम्पॅक्ट व्हेस्ट असू दे, आणि हार्नेसला लाईन कापायची छोटी हुकवाली सुरी.

दिवाळीनंतर काईट हातात आला की बोर्ड काखेत मारून चालणं आपोआप थांबेल असं मात्र धरून चालू नकोस. फुल सेटचे पैसे वाचतायत त्यातून पाच-सहा तासांचा अजून एक कोर्स कर, वाऱ्याच्या वर चढून निघालीस तिथेच परत येता आलं की मग स्वतःचं सामान वापरण्यात मजा. हार्नेस तेवढा आत्ताच घे, स्कूलचे ओले हार्नेस घालणं कुणाच्याही नशिबी येऊ नये.

कर्द्याचं म्हणशील तर बीच पश्चिमेला तोंड करून आहे, उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून वारं येतं, ते तुला तिरकं किनाऱ्याकडे आणि लाडघरच्या बाजूला ढकलेल, समुद्रात आत नेणार नाही, हे चांगलंच. पण मागे लगेच सुरूची झाडं आहेत. काईट सुटला किंवा वाऱ्याचा झटका आला तर तू आणि काईट दोघं त्या झाडांतच जाणार, आणि त्यातून काढलेला काईट परत शिवायला जातो, कधी कधी माणूसही. वीकेंडला डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, पर्यटक, पोरंबाळं, आणि तुझ्या बावीस मीटरच्या ताणलेल्या लाईन्स, ज्या त्यांना दिसतही नाहीत. तिथे रेस्क्यूची बोट नाही, काईट धरून लाँच करून देणारं कुणी नाही. त्यामुळे अपविंड, म्हणजे वाऱ्याच्या वर चढणं, जमेपर्यंत कर्दे नको. जमल्यावर मधल्या वारी, गर्दी नसताना, ओहोटीला वाळू रुंद झाल्यावर, आणि लँडिंग शिकवलेला एक माणूस बरोबर घेऊन जा. चुलतभाऊ चालेल. त्याला आधी वाळूवर दोनदा काईट धरायला लाव, आणि गावातल्या मच्छीमारांना विचार जाळी कुठे लावलीयेत, तेवढं विचारल्याशिवाय पाण्यात जायचं नाही.

आणि मोरजीमवाल्याला पंपाचं विचारून बघ. पंपाला ना वजन बघावं लागतं ना साल. सुटा देत असेल तर घेऊन टाक.